पाव्हणं, कुठलं?

परवा सकाळी कळंब्याच्या तलावावर गेलो होतो. त्रिपुरी पौर्णिमा होऊन आठवडा झालेला. थंडी म्हणावी अशी अजून नव्हती, पण स्कूटरवर कानाला लागत होती एवढं खरं. बांधावरच्या नेहमीच्या दगडाशी थांबलो. पाण्यावर वारकऱ्यांची दिंडी पांगली होती. वारकरी म्हणजे तो काळाभोर पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा असलेला. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला माझा दंडवत. काठाच्या चिखलात एक तुतवार ढुंगण हलवत फिरत होता. तो ऑगस्टपासून इथंच आहे, आता ओळखीचा झालाय.

येताना मिसळ खायला थांबलो, तर टेबलावर पेपर पडलेला. आतल्या पानावर फोटोसकट बातमी: परदेशी पाहुण्यांचं आगमन! दरवर्षी नोव्हेंबरात ही बातमी येते. फोटोत कोण, तर हळदी-कुंकू बदक. अहो, नावावरनं तरी कळावं की हे परदेशी नाही! बारा महिने आपल्याच तळ्यांवर राहणारं, इथंच पिल्लं काढणारं बदक ते. पण माझं भांडण फोटोशी नाही. फोटो चुकतात. माझं भांडण ‘पाहुणे’ या शब्दाशी आहे, आणि ते सुरू झालं इथून साडेसातेक हजार किलोमीटरवर, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नाकातोंडातनं वाफ काढत.

मी पक्षितज्ज्ञ वगैरे नाही. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढली. आधी वडिलांबरोबर ऑईल इंजिनाचे पार्ट, मग स्वतःचं छोटं वर्कशॉप. ते मुलाच्या हातात दिल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज चाला. रंकाळ्याला चालायला लागलो. तिथं आमच्या गल्लीतले एक निवृत्त ड्रॉइंगचे मास्तर दुर्बीण घेऊन यायचे. केंदाळावर तुरुतुरु चालणारी जांभळी पाणकोंबडी त्यांनी मला पहिल्यांदा दाखवली. साठ वर्षं रंकाळ्याच्या काठावर भेळ खाल्ली आणि ही बाई कधी दिसली नव्हती! त्या दिवसापासून लागलेला नाद. मास्तर आता नाहीत, दुर्बीण मात्र त्यांनी सुचवलेलीच घेतली, 8 बाय 42 ची. म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढची काच 42 मिलिमीटरची. 42 ला 8 नं भागलं की सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल डोळ्यात येतो. कोल्हापूरच्या उन्हात हा हिशेब कुणाला लागत नाही. तिकडं गेल्यावर त्याची किंमत कळली.

आमची थोरली न्यूकॅसलला असते, अकरा वर्षं झाली. मागच्या नोव्हेंबरात मी आणि सौ. महिनाभर गेलो होतो. उन्हाळ्यात या म्हणून ती मागं लागलेली, पण उन्हाळ्यात जाऊन मी काय करणार? पक्षी यायचे दिवस हेच. तिनं आधी मला खूश करायला ‘टर्बिनिया’ दाखवली. चार्ल्स पार्सन्सनं वाफेच्या टर्बाइनवर चालवून दाखवलेली पहिली बोट, 1894 साली बांधलेली, तिथल्या म्युझियममध्ये अख्खीच्या अख्खी ठेवलीय. तास-दीड तास तिच्याभोवती फिरलो. त्या मापात, त्या काळात काय मशिनिंग केलंय राव! हिनं दोनदा घड्याळ दाखवलं, तेव्हा बाहेर पडलो.

नदीवर टाइन ब्रिज आहे, 1928 चा लोखंडी कमानीचा पूल. त्याच्या कडेकपारीत उन्हाळ्यात किटीवेक नावाचे कुरव घरटी करतात. हा खरा समुद्रातला पक्षी, कड्यांवर घरटं करणारा, पण इथं शहराच्या मधोमध पुलावर संसार मांडतो. आम्ही गेलो तेव्हा सगळे समुद्रात निघून गेलेले. लोखंडावर पांढरे ओघळ तेवढे राहिले होते. मी तेच बघत उभा, तर जावईबापू म्हणाले, “पप्पा, पक्षी नाहीत, तुम्ही विष्ठा बघताय.” बघायला लागतं हो. मोसम संपल्यावर गुऱ्हाळाची चुलवण बघूनसुद्धा कळतं की गूळ किती निघाला असेल.

खरं ठिकाण होतं लिंडिसफार्न. न्यूकॅसलहून गाडीनं दीड तास उत्तरेला. हे बेट आहे, पण अर्धवेळ. दिवसातनं दोनदा भरती येते आणि बेटावर जाणारा रस्ता पाण्याखाली जातो, ओहोटीला पुन्हा मोकळा होतो. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जुलैत राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आपण काय करतो? पंचगंगा 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. तिथं तेच, फक्त रोज दोनदा आणि मिनिटाच्या हिशेबानं. वेळापत्रक छापलेलं असतं. तरी दरवर्षी कुणी ना कुणी शहाणा गाडी घालतो आणि अडकतो. अशांसाठी रस्त्याच्या मध्येच उंच खांबांवर एक पांढरी लाकडी खोली बांधलीय. गाडी सोडायची, शिडी चढायची आणि मदत येईपर्यंत आपल्या गाडीची होडी झालेली वरनं बघत बसायचं.

आम्ही अडकलो नाही, पण पोचलोही नाही. वेळापत्रक जावईबापूंनी बघितलं होतं आणि त्यांनी दुसऱ्या दिवसाची ओळ वाचली होती. सव्वाअकराला रस्त्याच्या तोंडाशी उभे, आणि समोर डांबरी रस्ता सरळ समुद्रात शिरलेला. एकदा बंद झाला की साधारण पाच तास बंद. स्वतःच्या मुलानं ही चूक केली असती तर मी काय बोललो असतो ते इथं लिहीत नाही. जावयाला काय बोलणार? म्हटलं, “असू दे, असू दे, हवा छान आहे.”

हवा छान नव्हती. वारा समुद्रावरनं थेट येत होता, मध्ये अडवायला झाड नाही की घर नाही. तापमान म्हणाल तर सहा-सात अंश, महाबळेश्वरला बघितलंय तेवढं. पण ओला वारा ही निराळी गोष्ट आहे. डोळ्यांतनं पाणी येतं, ते दुर्बिणीच्या काचेला लागतं, हातमोजे घातले तर फोकसचं चाक फिरत नाही, काढले तर बोटं फिरत नाहीत. सौ.नं माझी माकडटोपी आणली होती. मुलीला ती आवडत नाही. त्या दिवशी तिनंही मागितली.

मग मागं वळून किनाऱ्यानं थोडं खाली आलो. बेट आणि जमीन यांच्यामधल्या त्या अफाट चिखलाला फेनम फ्लॅट्स म्हणतात. काठावर पक्षी बघायचं लाकडी खोपटं आहे, भिंतीला आडव्या फटी, बसायला बाकडं. आत एक म्हातारा गृहस्थ वही घेऊन बसलेले. आम्ही चौघं आत शिरलो, तर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. देवळात असते तशी शांतता. आणि त्या शांततेत आमच्या सौ.नं भडंगाची पिशवी उघडली. तो प्लॅस्टिकचा आवाज मला जन्मभर विसरता येणार नाही.

पण चुकून आलो तेच बरं झालं. भरती चढत होती आणि पक्षी बघायची वेळ खरी तीच. ओहोटीला पक्षी मैल न् मैल पसरलेल्या चिखलात पांगतात, दुर्बिणीतनंही ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की चिखल आकसतो आणि पाणी त्यांना तुमच्याकडं हाकत आणतं. आपल्याकडं पक्षी बघायचे म्हणजे पहाटे उठायचं, सूर्य हे घड्याळ. तिथं घड्याळ चंद्राचं. भर दुपारी बारा वाजता सगळा बाजार भरलेला.

आधी आले कुरल, ती लांब बाकदार चोच घेऊन. कमानदार सुईनं चिखलाला टाके घालत चालल्यासारखे. मग पाणटिवळे. आणि मग आकाशात काहीतरी हललं. नॉट नावाचे लहान राखाडी पक्षी, किती होते सांगता येत नाही, हजारात असतील. थवा एका बाजूला वळला की राखाडी, दुसऱ्या बाजूला वळला की पांढरा. शाळेत कागदावर लोखंडाचा कीस टाकून खाली चुंबक फिरवायचो, तसं अख्खं आभाळ फिरत होतं. हे ग्रीनलँड आणि कॅनडाच्या पार वरच्या टोकाला पिल्लं काढतात. कुणी सांगत नव्हतं, कुणी शिट्टी मारत नव्हतं, आणि एकाचा पंख दुसऱ्याला लागत नव्हता. मला टॉलरन्स कळतो, म्हणजे मापात किती फरक चालतो ते. तो टॉलरन्स माझ्या कुठल्याही मशीनवर निघाला नाही.

एका ओहळाच्या तोंडाशी राखी बगळा उभा होता. हा तोच बरं का. कळंब्याला उभा असतो तोच, त्याच जातीचा, तसाच मान खांद्यात घालून, सावकारासारखा. इतक्या अनोळखी गर्दीत तो दिसला आणि एकदम गावचं माणूस भेटल्यासारखं झालं.

सव्वाबाराला सौ.चा फोन वाजला. त्या शांत खोपट्यात! ती पळतच बाहेर. मेहुणीचा व्हिडिओ कॉल होता, महाद्वारातनं. त्या दिवशी 10 नोव्हेंबर, आणि 9, 10, 11 ला अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट गाभाऱ्यात शिरतात, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. म्हणजे हवा स्वच्छ असली तर. धूळ, ढग, हवेतला ओलावा, वाटेतली बांधकामं, काहीही आडवं येतं. मेहुणीनं बाहेरच्या स्क्रीनसमोर फोन धरला होता, पण दिसत होती फक्त डोकी. मीही बाहेर आलो आणि सहज वर बघितलं. कोल्हापुरात पावणेसहा वाजलेले, सूर्य बुडायला टेकलेला. इथं सव्वाबारा, म्हणजे सूर्य जेवढा वर चढायचा तेवढा चढून झालेला. आणि तो कुठं होता, तर क्षितिजाच्या वर जेमतेम सतरा अंशांवर. आपल्याकडं त्याच दिवशी तो दुपारी 56 अंशांपर्यंत चढतो. इथं भर दुपारीच संध्याकाळचं ऊन, आडवं, पिवळट, प्रत्येक पिसाची सावली दाखवणारं. हिनं फोनलाच हात जोडले. मीही जोडले.

परत आत आलो तेव्हा समोर ते आले होते, ज्यांच्यासाठी मी हट्ट धरला होता. ब्रेंट हंस, फिकट पोटाचे. डोकं आणि मान काळी कुळकुळीत, गळ्याशी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ, ठुशी घातल्यासारखी. हंस म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यापेक्षा फार लहान, बदकापेक्षा थोडा मोठा. पाणी गुडघाभर झालं की ते तरंगत तरंगत डोकं खाली घालतात आणि तळाचं ईलग्रास नावाचं समुद्रगवत ओढून खातात. शेकडो एका वेळी. आणि सगळे मिळून खालच्या पट्टीत सतत काहीतरी बोलत असतात, लग्नाच्या पंगतीत पहिला वाढा झाल्यावर होतो तसा आवाज.

तेव्हा त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वही मिटली आणि मला विचारलं, कुठून आलात? विचारलं अर्थातच इंग्रजीत, पण माझ्या कानानं ऐकलं ते, “काय पाव्हणं, कुठलं?” आपल्याकडं एसटीत शेजारी बसलेला कुणीही हेच विचारतो ना!

म्हटलं, इंडिया.

“मग हे तुमच्यापेक्षा जवळचे,” हंसांकडं बोट दाखवत ते म्हणाले. हे येतात स्वालबार्डहून. नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरची बेटं, सुमारे अडीच हजार किलोमीटर. तिथं ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यालाच उगवतो. या कुळातल्या हंसांना हिवाळा काढायला मुख्य जागा दोनच, एक डेन्मार्क आणि एक हा चिखल. मी म्हटलं, एवढ्या थंडीत हे इथं? ते हसले. म्हणाले, ते थंडीत आलेले नाहीत, थंडी सोडून आलेत.

मुलीनं हे आईला मराठीत सांगितलं. ही दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे यांचं हे कोकणच की!”

मी चार पुस्तकं वाचून गेलो होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. ज्याला आपण थंड उत्तरेचा किनारा म्हणतो, माकडटोपी घालून ज्याचं कौतुक करतो, ती त्यांची उबदार दक्षिण आहे. गृहस्थांना मी विचारलं, कधी येतात, कधी जातात? सप्टेंबरात यायला लागतात, वसंतात निघतात. वर जाऊन अंडी, पिल्लं, पंख बळकट करणं, सगळं मिळून तीन महिने. मी बोटांवर मोजलं. वर्षाचे सहा महिने या चिखलात, तीन महिने तिकडं, बाकीचे वाटेत. मग घर कुठलं आणि पाहुणे कुठं?

आपल्या तुतवाराचंही तेच. ऑगस्टात आला, एप्रिलपर्यंत राहणार. नऊ महिने! एवढे दिवस राहिला तर भाडेकरूसुद्धा हक्क सांगायला लागतो. पाहुणा म्हणजे चार दिवसांचा. आला, तांबडा-पांढरा झाला, चप्पल बघितली, देवीचं दर्शन घेतलं, गेला. भोरड्या, म्हणजे त्या गुलाबी मैना, जुलै-ऑगस्टात येतात, ज्वारीवर हात मारतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांना मात्र पेपरवाले पाहुणे म्हणत नाहीत, शेतकरी तर मुळीच म्हणत नाही. म्हणजे दिसायला देखणे आणि पिकाला न लागणारे, तेवढेच पाहुणे?

अर्थात त्या किनाऱ्यावर उत्तरेकडनं आलेले सगळेच काही हंस नव्हते. 793 साली व्हायकिंग आले आणि त्यांनी बेटावरचा मठ लुटला. तो इतिहास मुलगी गाडीत सांगत होती, पण मी निम्मा ऐकला, कारण रस्त्याकडेच्या शेतात शेंडीवाल्या टिटव्या बसल्या होत्या.

परत जाताना सीहाउसेस नावाच्या बंदरावर थांबलो, बटाट्याच्या गरम कापांसाठी. धक्क्याला ईडर बदकं होती, नर काळा-पांढरा, मानेमागं फिकट हिरवा हात फिरवल्यासारखा. तिकडची जुनी माणसं त्यांना ‘कडी डक’ म्हणतात, कथबर्टचं बदक. सातव्या शतकात संत कथबर्ट समोरच्या फार्न बेटावर एकटा राहायचा आणि या बदकांना त्यानं अभय दिलं होतं, असं सांगतात. त्यांच्या पिसांच्या रजया जगभर जातात, आणि ही बदकं स्वतः त्या बर्फाळ पाण्यात निवांत. त्यातला नर मधूनच “आऽहूऽ” करतो. शेजारणीनं काहीतरी चटपटीत बातमी सांगितल्यावर आमच्या गल्लीत हाच सूर निघतो. चारच्या सुमाराला अंधारून आलं. बेट राहिलं ते राहिलंच.

तिथल्या महिन्याभरात आणखी एकच पक्षी मनात राहिला, तोही मुलीच्या मागच्या अंगणातल्या झुडपात. गोल्डक्रेस्ट. डोक्यावर पिवळी रेघ. वजन पाच-सहा ग्रॅम, साधारण एम-सहाच्या छोट्या बोल्टएवढं. या दिवसांत यांचे थवे स्कँडिनेव्हियाकडून उत्तर समुद्र ओलांडून येतात, रात्रीचे. आमच्या अंगणातला तसा आलेला की तिथलाच, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं. सौ. तेव्हा फोनवर कोल्हापूरच्या शेजारणीला सांगत होती, “पोरीकडं पाहुणे म्हणून आलोय, पंधरा तारखेला निघणार.” आणि मुलगी भांडी लावता लावता म्हणाली, “आई, आम्ही कोल्हापूरला येतो तेव्हाही तू सगळ्यांना हेच सांगतेस. पाहुणे यायचेत म्हणून.” ही काही बोलली नाही. मी बोल्टएवढ्या पक्ष्याकडं बघत राहिलो.

तर परवाचं. मिसळ खाऊन झाल्यावर पेपरवर राग काढत पुन्हा तलावाकडंच वळलो. बांधाच्या पलीकडं, उसाच्या रानालगत, ऊसतोडीची टोळी उतरलीय. सात-आठ खोपी, बैल, एक ट्रॅक्टर. बायामाणसं रानात गेलेली. कोयत्यांचा आवाज येत होता. दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा पाण्याला आला होता, हातात दोन कॅन. मी दुर्बिणीतनं काय बघतोय म्हणून शेजारी येऊन थांबला.

सवयीनं तोंडातनं गेलंच, “काय पाव्हणं, कुठलं?”

“बीडकडचा.”

“कधी आलाय?”

“दिवाळी झाली की. दरसाल येतो. आता मार्चपस्तोर.”

त्याच्या हातात दुर्बीण दिली. उलटी धरली, मग सरळ केली. ओल्या दगडावर एक करडा परीट शेपटी आपटत होता, पोटाला पिवळा. हिमालयाच्या उंच ओढ्यांवर वाढणारा पक्षी. मी ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, “हे आमच्यासंगंच येतं.”

“म्हणजे?”

“आम्ही आलो की असतं. आम्ही जायला लागलो की हे बी जातं. गावाकडं इचारलं तर कुणाला ठावं नसतं.”

मागनं मुकादमाची हाक आली. दुर्बीण माझ्या गळ्यात परत अडकवून तो कॅन भरायला खाली उतरला. परीट उडून दोन दगड पलीकडं बसला आणि पुन्हा शेपटी आपटायला लागला. फोटो घ्यायचा राहिलाच.